पागनीसांचा चहा

बाग सेवनिया, भोपाळ
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. फोन न करता पत्र का लिहिते आहे, हे तू ओळखलंच असशील. तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मोबाइलवर आलेला प्रत्येक निरोप तुझी नात तुला खणखणीत आवाजात वाचून दाखवते. मला जे विचारायचंय ते सोनलनं सगळ्या घराला ऐकवू नये, म्हणून हा कागद.

मी आणि सत्यजित मूल व्हावं म्हणून विचार करतो आहोत. मला मधुमेह असल्यामुळे आधी सगळं नीट तपासून घ्यावं, असं त्याचं म्हणणं. म्हणून आम्ही इथल्या डॉ. नेमांकडे गेलो. बाई वयानं तुझ्यापेक्षा थोड्या लहान आणि तुझ्याइतक्याच खमक्या. त्यांनी माझे जुने कागद वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले, आणि विचारलं, "सात साल हो गए, इतने कम इन्सुलिन में आपका काम चल कैसे रहा है?"

तुला माहीतच आहे, बाविसाव्या वर्षी परीक्षेच्या धामधुमीत माझं वजन उतरलं, तहान भागेना, आणि रक्तात साखर निघाली. वय कोवळं, अंगानं मी अशी काटकुळी, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांनी फार विचार न करता टाइप वन लिहून टाकलं. त्या प्रकारात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतं आणि त्या संपवतं. मग बाहेरून इन्सुलिन घ्यावंच लागतं, त्याला दुसरा इलाज नाही, आणि ते सोडलं तर जिवावर बेततं. अनंतमामाचा मधुमेह तो नव्हे. तो टाइप टू. त्याचं शरीर इन्सुलिन बनवतं, पण अंग त्याचं ऐकत नाही आणि हळूहळू ते पुरेनासं होतं. माझ्या शाळेतल्या मेघाला तिसराच झाला होता, गरोदरपणातला. बाळंतपणानंतर तो गेला, पण पुढे उलटू नये म्हणून ती दर वर्षी रक्त तपासते.

डॉ. नेमांना वाटतं की मी यातल्या कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. टाइप वनची खूण रक्तात सापडली नाही, आणि माझं शरीर अजून स्वतःचं इन्सुलिन बनवतंय. एक चौथा प्रकार असतो म्हणे, एकाच जनुकातल्या बिघाडानं होणारा. तो आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे असा सरळ उतरत येतो, आणि त्यात कित्येकांना इन्सुलिन लागतच नाही, एका छोट्या गोळीवर भागतं. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न होता की वडिलांकडे कुणाला होता.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. ट्रकनं उडवलेल्या माणसाच्या साखरेची चौकशी कुणी करत नाही. आईला तर वाटतं, हे सगळं तिच्याच माहेरून आलं, मामाकडून. सात वर्षं ती स्वतःला बोल लावते आहे. पागनीसांपैकी आता जाणती अशी तू एकटीच उरलीस. आजोबांना, बाबांना, कुणाला कधी साखरेचा त्रास होता का, एवढंच सांग.

तुझी
क्षितिजा


जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर
२५ जानेवारी २०२५

क्षितिजा,

पत्र पोचलं. अक्षर बापाचं आणि भोचकपणाही बापाचाच. आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून दाखवायला नकोत.

तुझ्या नेमाबाईंना माझं उत्तर वाचून दाखव. पागनीसांच्या घरात मधुमेह नाही आणि कधी नव्हता. मधुमेह व्हायला माणसानं गोड खावं लागतं, आणि आम्ही गोडाला शिवत नाही. या शहरात राहून गोडाला न शिवणारं मराठी घर शोधून दाखव म्हणावं. आमच्या दादांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, वेळेपासून लग्नाकार्यात आचाऱ्याला आधी बजावून ठेवत, पागनीसांचा चहा वेगळा, बिनसाखरेचा. तू तर लहानपणापासून पाहिला आहेस. वेगळी किटली, वेगळा ट्रे. लोक थट्टा करत, की यांच्या जिभेला कडू लागलं तरच यांना चहा प्यायल्यासारखं वाटतं. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि आहे.

आणि ही चव काही पाळण्यातून येत नाही, ती वयात यावी लागते. तुझा बाप लहानपणी गुळाच्या ढेपेपाशी सापडायचा, मुंग्यांच्या आधी. नोकरी लागली, चोविसावं सरलं, आणि गडी असा सुधारला की पेढ्याकडे बघेना. माझा अशोक, सोनलचा बाप, कॉलेजात असताना पैजेवर परातभर जिलब्या खाऊन आला होता. पंचविशी गाठली आणि त्यालाही घराण्याची चव आली. दादांचंही तसंच, आई सांगायची. तेव्हा जे आमच्यात नाहीच ते शोधण्यात वेळ घालवू नकोस. मनोरमेच्या माहेरी बघा, तिचा भाऊ अनंत दारातून आडवा होऊन आत येतो.

बाकी इकडे आनंद आहे. सोनलचं ठरलं. उज्जैनचं स्थळ, मुलगा जितेंद्र, वीज मंडळात इंजिनीअर आहे, स्वभावानं शांत वाटला. २ मार्चला साखरपुडा इथेच. तिघांनी यायचं आहे. मनोरमेला सांग, गुडघ्यांची सबब चालणार नाही.

आत्या


बाग सेवनिया, भोपाळ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सोनलची बातमी ऐकून आई इतकी खूश झाली की गुडघे विसरली. आम्ही येतो आहोत.

तुझं पत्र मी डॉ. नेमांना वाचून दाखवलं, तू सांगितलं होतंस म्हणून. हिंदीत सांगताना दोनदा अडखळले, पण बाईंना मुद्दा लगेच कळला. त्या आधी हसल्या आणि मग त्यांनी पेन उचललं. आत्या, मी गणित शिकवते, त्यामुळे मलाही तो मुद्दा दिसायला वेळ लागला नाही. ज्या माणसाला लहानपणी गूळ आवडतो, त्याची जीभ चोविसाव्या वर्षी एकदम कशी बदलते? बरं, एकाची बदलली तर समजू. आजोबांची, बाबांची, अशोकदादाची, सगळ्यांची त्याच वयात? आणि सगळे काटकुळे? माझ्या रक्तात साखर सापडली तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

गोड खाऊनच मधुमेह होतो असं नसतं, हेही बाई म्हणाल्या. या चौथ्या प्रकारात तर त्या माणसानं काय खाल्लं याचा दोष जवळजवळ नसतोच. बिघडलेलं जनुक आलं की बहुधा ऐन तारुण्यात साखर वाढायला लागते. त्याचं इंग्रजी नाव मोडी. तुला दादांचे जुने कागद आठवले असतील, पण लिपीशी याचा संबंध नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. जनुकाची तपासणी करून तो पक्का ओळखता येतो. पण माझ्या कागदांवर टाइप वनचा शिक्का आहे. घराण्यात कुणाला होता याचा भरवसा असल्याशिवाय बाई ती तपासणी सांगायला तयार नाहीत, आणि ती झाल्याशिवाय माझ्या इन्सुलिनला हात लावायला तर मुळीच नाहीत. चुकून मी खरीच टाइप वन निघाले आणि इन्सुलिन थांबवलं, तर चार दिवसांत मी दवाखान्यात असेन.

आईला तुझं पत्र दाखवलं नाही, अनंतमामाचं वाक्य होतं म्हणून. नुसतं चहाचं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "पागनीसांची चव मी मोडली होती हो. लग्न होऊन आले तेव्हा यांचा तो काळा चहा बघवेना. संध्याकाळच्या कपात गुपचूप चमचाभर साखर टाकायचे. एक अक्षर न बोलता प्यायचे. वर्षानुवर्षं प्यायले." मग म्हणाली, की चहा तेवढा प्यायचे, पण कप खाली ठेवला की चपला सरकवून बाहेर. तासभर यायचे नाहीत. ती नवी नवरी, परकं गाव, आणि नवऱ्याला घरात बसवत नाही. ते तिला अजून लागतं, आत्या. बोलत नाही, पण लागतं.

तुला मी एकदा विचारलं होतं, आता आणखी सरळ विचारते. पागनीसांचा चहा ही नुसती चव होती का?

तुझी
क्षितिजा


ग्वाल्हेर
१७ फेब्रुवारी २०२५

क्षितिजा,

तुझा बाप गेला, तू हिंदी शाळेत, तेव्हा तुझ्या मराठीची काळजी मी घेतली. दर सुट्टीत तुला शुद्धलेखन घातलं. ते तू माझीच उलटतपासणी घ्यावीस म्हणून नव्हे.

साखरपुड्याला पंधरा दिवस उरलेत. घरात पाहुणे येणार, उज्जैनची मंडळी पहिल्यांदा उंबरा ओलांडणार. मुलीकडच्या घराण्यात आजार आहे असा नुसता वास लागला तरी जमलेलं लग्न कसं मोडतं ते मी पाहिलंय, तू पाहिलेलं नाहीस. आमच्या दादांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट शिकवली. घरातलं घरात. सोनल आधीच लग्नासाठी म्हणून खाणं तोडून बसली आहे, दोन महिन्यांत पोरीचे कपडे ढगळ झाले. तिच्या जिवाला आणखी घोर नको.

यायचं, जेवायचं, ओटी भरायची आणि तोंड बंद ठेवायचं. यावर आता पत्र नको.

आत्या


बाग सेवनिया, भोपाळ
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तू पत्र नको म्हणालीस. मी तुझ्या घरी तोंड बंद ठेवलं, सत्यजितशीसुद्धा त्यावर बोलले नाही, तेव्हा आता लिहिण्याचा माझा हक्क आहे.

साखरपुडा फार देखणा झाला. उज्जैनची माणसं भली आहेत. जितेंद्रच्या आई, सुहासिनीबाई, माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझं इन्सुलिनचं पेन पर्समध्ये पाहिलं आणि काही न विचारता पान वाढणाऱ्याला सांगितलं, की हिला आधी वाढा. त्यांच्या भावाला, त्या तिरसट मामांना, मात्र सगळंच खटकत होतं. मांडवसुद्धा.

आणि मी तुझा चहा पाहिला. लहानपणापासून पाहिलेला, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. वेगळी किटली, वेगळा ट्रे, अगदी दादांच्या वेळचा रिवाज. तो ट्रे तुझ्यापुढे थांबला, अशोकदादापुढे थांबला, आणि मग थेट माझ्याकडे आला. वहिनींकडे गेला नाही, तुझ्या जावेकडे गेला नाही. आत्या, चव असती तर पन्नास वर्षांत एखाद्या सुनेला तरी लागली असती. तो कप कुणाला द्यायचा हे वाढणाऱ्या बाईलाही पाठ आहे, फक्त का द्यायचा ते तुम्ही कुणी तिला सांगितलेलं नाही. चहा झाल्यावर तू मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडलंस, काहीतरी तोंडात टाकलंस आणि पाण्याचा घोट घेतलास. मी दार लावून घेतलं, कुणी येऊ नये म्हणून.

तुझं गुपित मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं आहे. पण सोनलचं काय?

ती खाणं तोडून बसलेली नाही. पंगतीत माझ्या शेजारी होती, दोन माणसांचं जेवली. आणि पाण्याचा तांब्या तिनं एकटीनं संपवला. रात्री तीनदा उठली, मला म्हणाली की ताई, लग्नाचं टेन्शन आहे. मला हे सगळं ओळखीचं आहे, कारण माझंही असंच झालं होतं आणि मीही परीक्षेचं टेन्शन म्हणाले होते. उद्या तिची साखर कुणीतरी तपासेल. ती बारीक आहे, बावीस वर्षांची आहे, डॉक्टर घराण्याचं विचारतील आणि तुम्ही सगळे एका सुरात नाही म्हणाल. मग तिच्या कागदावरही माझ्यासारखा शिक्का बसेल. नाहीतर कुणी तपासणारच नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी डोळे नाही तर मूत्रपिंड सांगेल.

मला खरंच राग आलाय आणि तो मी लपवत नाही. मला सात वर्षं सुया टोचाव्या लागल्या म्हणून नव्हे. माझी आई सात वर्षं स्वतःला अपराधी समजते आहे आणि तू मामाच्या पोटावर विनोद करतेस म्हणून.

मला तुझ्याकडून हो किंवा नाही, एवढंच हवंय. आणि सोनलचं रक्त तपासायला हवंय, या आठवड्यात.

तुझी
क्षितिजा


ग्वाल्हेर
२१ एप्रिल २०२५

क्षितिजा,

सव्वा महिना उत्तर दिलं नाही. त्या काळात मी काय केलं ते आता सांगते. त्यावरून ठरव मला रागवायचं की नाही.

उत्तर हो आहे. दादांना होता, तुझ्या बापाला, मोहनला होता, मला आहे, अशोकला आहे. मला तेविसाव्या वर्षी कळला. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. दादांनी डॉक्टरांचा कागद चुलीत घातला आणि म्हणाले की तुला गोड आवडत नाही एवढंच लक्षात ठेव. पन्नास वर्षं मी तेच लक्षात ठेवलं. यजमान गेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी गोळी घेते ती प्रेशरची, असं या घरात सगळे समजतात. आमच्यात कुणी त्यानं मेलं नाही, ताठ चालत राहिलो, म्हणून मला वाटलं की हा आजार नव्हेच, घराण्याची एक खोड आहे. त्याला इतकं नाव-गाव असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनलला घेऊन मी रक्त द्यायला गेले. साखर निघाली. इथल्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, वय विचारलं, आणि टाइप वन म्हणत लिहायला पेन टेकवलं. मी म्हणाले, थांबा, आधी माझं लिहा, मग तिच्या बापाचं, मग माझ्या भावाचं, मग माझ्या वडिलांचं. अशोक शेजारी उभा होता. त्याला वाटलं आई भ्रमिष्ट झाली. त्याचा मधुमेह मला ठाऊक होता, पण माझा त्याला त्या दिवशी कळला. डॉक्टर तरुण होते, पण अरेरावी नव्हती. म्हणाले, मग इन्सुलिनची घाई नको, हिची तब्येत तशी ठीक आहे, तुमच्या भोपाळच्या बाईंना दाखवा. सोनल येत्या शनिवारी तुझ्याकडे येते आहे.

पुढचं जास्त अवघड होतं. मी उज्जैनला गेले. अशोकला नेलं, पण बोलले मी. सुहासिनीबाईंच्या दिवाणखान्यात ते तिरसट मामाही होते. मी सांगितलं की मुलीला मधुमेह आहे, माझ्याकडून आला आहे, तिच्या मुलांनाही निम्म्या शक्यतेनं येईल, आणि तो औषधानं ताब्यात राहतो. पसंत नसेल तर नारळ परत करा, आम्ही बोल लावणार नाही. मामा लगेच म्हणाले, की आजवर लपवलंत तसं आणखी सहा महिने लपवायचं होतं, लग्न तरी पार पडलं असतं.

मी म्हणाले, "लपवलं असतं तर पोरगी तुमच्याकडचा गोड चहा मुकाट्यानं पीत राहिली असती. जन्मभर. तुम्हाला कळलंही नसतं."

आम्ही उठलो. आठ दिवस तिकडून फोन नाही. सोनल रडली नाही, पण माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि मोबाइलवर आलेलं वाचून दाखवणंही बंद. क्षितिजा, तुला सांगते, त्या आठ दिवसांत मला दादांचं पटत होतं. मला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी जितेंद्र आला, एकटाच. सोनलशी अंगणात तासभर बोलला. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, मी फक्त पाहत होते. जाताना माझ्या पाया पडला आणि कानाशी येऊन ओरडला, की आजी, डॉक्टरांकडे जाताना मी पण भोपाळला येणार. लग्न ठरल्या तारखेला आहे. मामा यायचे नाहीत म्हणे. त्यांचं पान वाचलं.

मनोरमेला माझं हे पत्र दाखव. अनंताच्या दाराचं मी लिहिलं होतं ते तेवढं सांगू नकोस.

आत्या


बाग सेवनिया, भोपाळ
६ जुलै २०२५

प्रिय आत्या,

आता रागबिग काही उरलं नाही, हे आधी सांगते.

जनुकाचा अहवाल आला. सोनलचा आणि माझा, दोघींचा सारखाच. तोच चौथा प्रकार. डॉ. नेमांनी मला आठ दिवस नजरेखाली ठेवून इन्सुलिन कमी करत आणलं आणि एक छोटी गोळी सुरू केली. इतकी छोटी की पहिल्या दिवशी ती माझ्या हातातून निसटली आणि सत्यजित पलंगाखाली झोपून शोधत होता. आज सतरा दिवस झाले, सुई नाही. साखर पूर्वीपेक्षा चांगली आहे. दिवस गेले तर तेवढ्यापुरतं इन्सुलिन पुन्हा घ्यावं लागेल, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलंय. मला त्याचं काही वाटत नाही. आता मला माहीत आहे की मी काय घेते आणि का घेते. शाळेतल्या मेघाची धाकटी बहीण खरीखुरी टाइप वन आहे. माझं ऐकून तीही सुया सोडायच्या गोष्टी करू लागली, तेव्हा मी तिला समोर बसवून तासभर समजावलं, की तुझा प्रकार वेगळा, तुझं इन्सुलिन हाच तुझा श्वास आहे. तिला पटेपर्यंत मी उठले नाही.

जितेंद्र सोनलबरोबर दोन्ही वेळा आला. डॉक्टरांना त्यानं इतके प्रश्न विचारले की त्यांनी त्याला, बेटा, बाकी सवाल अगली बार, असं सांगून बाहेर काढलं.

आता आईचं. तुझं एप्रिलमधलं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिच्या माहेरचा दोष नाही हे ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तुझ्या उज्जैनच्या गोष्टीपर्यंत ऐकत होती, आणि तुझं ते वाक्य आलं, पोरगी गोड चहा मुकाट्यानं पीत राहिली असती. तिथे तिनं मला थांबवलं. पुन्हा वाच म्हणाली. मी वाचलं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

तिला वाटतंय की तिनं बाबांना दहा वर्षं विष पाजलं. रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातानं. मी खूप सांगितलं, की बाबा साखरेनं गेले नाहीत, ट्रकनं गेले. चमचाभर साखरेनं काय होतं, असंही म्हणाले. ती ऐकत नाही. म्हणते, "त्यांनी मला एकदा सांगायला हवं होतं. एवढी परकी होते का मी?" तिनं चहा सोडलाय, आत्या. अडीच महिने झाले, भांडंसुद्धा गॅसवर चढवत नाही. माझ्या आजाराचं कोडं सुटलं आणि आई मात्र आणखी गप्प झाली.

यावर तुझ्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर तिला लिही.

तुझी
क्षितिजा


ग्वाल्हेर
१६ जुलै २०२५

मनोरमा,

तुला मी आजवर पत्र लिहिलं नाही. तुझ्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, म्हणजे उशीर बराच झाला.

मोहननं तुला सांगितलं नाही, कारण आम्हाला न सांगायचंच शिकवलं होतं. तू परकी होतीस म्हणून नव्हे. माझ्या यजमानांनाही मी सांगितलं नव्हतं, आणि ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले. ही आमच्या घराची चूक आहे. तुझी नाही आणि त्याचीही नाही.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो इथे आला होता. मी त्याला आपला चहा दिला, तर तोंड वाकडं करून म्हणाला, ताई, आता हा घशाखाली उतरत नाही. मी घाबरले. विचारलं, अरे, साखर घेतोस की काय? तर हसायला लागला. म्हणाला, "मनू चोरून घालते. तिला वाटतं मला कळत नाही. दिवसभर दारात उभी असते गं, तो कप घेऊन. मी नाही म्हणणार नाही."

मी त्याला रागावले. तर म्हणाला, काळजी करू नकोस, डॉक्टर म्हणतात चालल्यानं साखर उतरते. कप संपला की मी चपला घालतो आणि बाग सेवनियाहून रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन येतो. तासभर लागतो. तेवढ्यात तिची साखर फिटते.

क्षितिजानं लिहिलं होतं, की त्याला घरात बसवत नव्हतं असं तुला वाटतं. फेब्रुवारीपासून ते वाक्य माझ्या डोक्यात आहे आणि मी तोंड शिवून बसले होते. तो तुझ्यापासून पळत नव्हता, मनोरमा. तुझा चहा त्याला उद्याही प्यायचा होता, म्हणून तो रोज चालायचा.

दिवाळीला मी तुझ्याकडे येते आहे. आता जाहीर मधुमेहाची बाई आहे, तेव्हा वेगळी किटली नको. एकच भांडं चढव, सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा कर, आणि प्यायल्यावर मला ते रेल्वेचं फाटक दाखवायला ने. आपण दोघी हळूहळू जाऊ.

इंदुमती